अंबादासची मधली काच

"ही माझी आई नाही."

"तुझीच आहे. मी काय दुसऱ्या कुणाची आणून देईन?"

"माझ्या आईचं नाक असं होतं? आणि कान कुठे गेले तिचे?"

"तुझी खोली बघितलीस का धोंडिराम? आठ बाय दहा, त्यात खाट. तुला चेहरा मोठा पाहिजे होता. मी मागे कुठे सरकणार, भिंतीत शिरू?"

"भिंतीत शिर, नाहीतर पत्र्यावर चढ. मला माझी आई पाहिजे होती, तेवढंच मला माहीत आहे."

हे भांडण मी ऐकलं त्याला आता तेवीस वर्षं झाली. रेशनकार्डाचे फोटो न्यायला मी डोंगर उतरून खाली गेले होते, आणि 'मीरा फोटो'च्या दाराशी येऊन थांबले. आत जावं की परत फिरावं कळेना म्हणून तिथेच उभी राहिले. खरं सांगायचं तर ऐकायचंही होतं. मग धोंडिराम बाहेर आला, माझ्याकडे न बघता पायऱ्या चढून गेला. आत टेबलावर काचेच्या फ्रेममध्ये त्याची आई सगुणाबाई तशीच पडलेली.

मी वाकून बघितलं. धोंडिरामचं म्हणणं खोटं नव्हतं. नाक पुढे आलेलं, गाल मागे पळालेले, कान तर केसांच्या मागे जाऊन बसलेले. डोळे मात्र तिचेच होते.

अंबादास म्हणाला, "काकी, तुम्ही सांगा, ही सगुणाबाई नाही?"

मी म्हटलं, "आहे. पण भिंगातून बघितलेली."

मी असं बोलायला नको होतं. पण तोंडातून गेलं ते गेलं.

अंबादास आणि धोंडिराम दोघे बुलढाण्याकडचे, एकाच गावचे. घाटकोपरच्या या डोंगरावर बरोबरच आले. धोंडिराम महापालिकेच्या पाणीखात्यात चिकटला. अंबादास स्टेशनजवळच्या एका फोटोवाल्याकडे झाडू मारायला राहिला आणि झाडू मारता मारता फोटो काढायला शिकला. पुढे पायऱ्यांच्या तोंडाशी त्याने स्वतःचा गाळा घेतला आणि बायकोचं नाव त्याला दिलं. पासपोर्ट फोटो, शाळेचे फोटो, बारशाचे फोटो. आणि भिंतीवरचे. माणूस गेलं की त्यांच्या बौद्धांत पुण्यानुमोदनाला फोटो लागतो, आमच्या कोकणातल्या माणसांना बाराव्याला लागतो. पण आधी कुणी काढून ठेवलेला नसतो. मग लग्नाच्या गर्दीतून मान कापून आणायची आणि मोठी करायची. अशा घरातून आजी दिसते ती कुणाच्या तरी खांद्याआडून डोकावल्यासारखी. सगुणाबाईचं तसं होऊ नये म्हणून धोंडिरामने ती जिवंत असतानाच अंबादासला बोलावलं. ती खाटेवर, उशांना टेकून. चार दिवसांनी गेली. तेव्हा रोलवर फोटो निघायचे, धुऊन आल्याशिवाय काही कळायचं नाही. कळलं तेव्हा सगुणाबाई नव्हती आणि दुसरा फोटोही नव्हता.

धोंडिरामने भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी आईसाठी आधीच खिळा ठोकून ठेवला होता. तो तसाच राहिला. त्याच्या बायकोने, राधाने, एकदा त्याला कॅलेंडर लावलं, तर त्याने ते काढून दाराच्या मागे लावलं. मला हे माहीत आहे कारण आमचं दार त्यांच्या दारासमोर. मधली गल्ली सहा फुटांची. त्यांच्या कुकरच्या शिट्ट्याही मीच मोजते.

त्या दिवसापासून धोंडिराम अंबादासशी बोलला नाही. आणि अंबादासला त्या रिकाम्या खिळ्याशिवाय दुसरं काही सुचेना. महिन्याभराने मला म्हणाला, "काकी, बसा जरा. दोन फोटो काढतो."

दोन्ही काढले, धुतले आणि माझ्यासमोर ठेवले. दोन्हीत मीच, साडी तीच, मागे पडदा तोच. पहिल्यात माझं नाक माझ्या आधी पोचलेलं. दुसऱ्यात मी होते तशी, म्हणजे फार काही नाही, पण मी.

"यात मी तुमच्यापासून दीड हातावर होतो," तो म्हणाला, "आणि यात पाच हातांवर. कॅमेऱ्याची काच खोटं बोलत नाही काकी. मी कुठे उभा होतो तेवढंच सांगते."

"मग नेहमी लांबच उभा राहा की."

"लांब उभं राहिलं की माणूस एवढंसं दिसतं. म्हणून लांबून चेहरा भरून आणणारी काच लागते. ती माझ्याकडे नव्हती."

फोर्टात जाऊन त्याने अशा दोन काचा जुन्या घेतल्या. त्यांची नावं तो आकड्यांत सांगायचा, पंच्याऐंशी आणि एकशे पस्तीस. माझ्या लक्षात राहीनात, म्हणून मी एकीला मधली म्हटलं, दुसरीला लांबची. पुढे तोही तसंच म्हणायला लागला. मधलीला पाच-सहा हातांवर उभं राहायचं. लांबचीला दहा. आणि ज्या काचेने सगुणाबाईचा फोटो काढला ती त्याने एका मोज्यात घालून, त्या फोटोबरोबर खणात ठेवून दिली. चेहऱ्यासाठी ती पुन्हा वापरली नाही.

पण आमच्या डोंगरावर पाच हात कुठून आणायचे? घरात खाट, ड्रम, कपाट, माणसं. तेव्हा त्याने एक रीत काढली. ज्याचा फोटो काढायचा त्याला दारात खुर्ची टाकून बसवायचं आणि आपण समोरच्या घरात शिरायचं. या घरातून त्या घरातला माणूस काढायचा, मधून गल्ली. फोटो निघेपर्यंत गल्ली थांबायची. टोपली डोक्यावर घेतलेली मासेवाली थांबायची, गॅसवाला सिलेंडर खांद्यावर घेऊन थांबायचा आणि म्हणायचा, "उरका हो, मान मोडली." समोरच्या घरातली बाई कणीक मळत असली तर तशीच बाजूला सरकायची. आमच्या वस्तीतल्या किती भिंतींवरचे चेहरे असे दुसऱ्याच्या घरातून काढलेले आहेत, ते मोजलं तर निम्मी वस्ती होईल.

आणि पोचवायचा तो स्वतः. फ्रेम वर्तमानपत्रात गुंडाळायची आणि चेहरा आपल्या छातीकडे करून धरायची, रस्त्याला दाखवायची नाही. खिशात हातोडी. खिळा आपण ठोकायचा, फोटो लावायचा, मग बाहेर येऊन लांबून बघायचं, सरळ आहे का. पाणी प्यायचं. फोटो लावायच्या घरात चहा घ्यायचा नाही, हा त्याचा नियम. माणूस जिवंत असलं तर ठोकाठोक नाही, नुसतं म्हणायचं, "पेटीत ठेवा, घाई नाही."

मोबाईल आला आणि त्याचं काम कमी झालं. मीरा गेली, तिचा मधल्या काचेने काढलेला फोटो गाळ्यात लागला. अंबादासचा हात कापायला लागला. कप बशीवर वाजायचा. तरी पायऱ्यांच्या तोंडाशी गाळा उघडा असायचा.

मागल्या वर्षी राधाचं हृदय मोठं झालं आहे असं डॉक्टर म्हणाले. तिला चार पावलांत धाप लागायची. तिच्या मुलाने, मिथुनने, मोबाईल तिच्या तोंडासमोर धरून फोटो काढला. पोरगा प्रेमानेच काढत होता, म्हणून जवळ गेला. राधाने त्यातलं आपलं पुढे आलेलं नाक बघितलं आणि हसायला लागली, मग खोकायला लागली.

"सासूबाई आल्या," ती म्हणाली.

धोंडिराम उठून बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी मी भाजी निवडत होते तेव्हा ती तिच्या दारातूनच मला म्हणाली, "काकी, अंबादासभाऊंना बोलवा. मी बसू शकते तोवर."

आतून धोंडिराम म्हणाला, "तो माझ्या घरात येणार नाही."

"तुमच्या घरात कशाला येईल? ते समोरच्या घरातून काढतात. काकींच्या घरात यायला तुमची परवानगी लागते का?"

मी भाजी निवडत राहिले.

अंबादास रविवारी सकाळी अकराला आला, तेव्हा गल्लीत वरून उजेड असतो. इस्त्रीचा शर्ट, पिशवीत दोन्ही काचा. जयभीम म्हणाला राधाला, आमच्या दारातून. धोंडिराम खाटेवर पाठ करून बसलेला. राधा दारातल्या खुर्चीवर, निळी साडी, केस विंचरलेले.

अंबादास आमच्या घरात पार मागच्या भिंतीपर्यंत गेला, ओट्याला टेकला आणि लांबची काच लावली.

मी म्हटलं, "इतका मागे कशाला जातोस? मधली लाव की."

तो हळूच म्हणाला, "मधली लावली तर तुमच्या उंबऱ्यात उभं राहावं लागेल. धोंडिरामच्या समोर."

"मग?"

"मग काही नाही. लांबचीनेही येतो."

पण येईना. लांबची काच जड, आणि हात किती कापतो ते ती दुप्पट करून दाखवते, असं तो म्हणाला. तांदळाच्या डब्यावर कोपर टेकवून बघितलं, कपाटाला टेकून बघितलं. नवा कॅमेरा लगेच दाखवतो, रोलसारखं थांबावं लागत नाही. प्रत्येक फोटोत राधाचे डोळे हललेले. तिकडे तिला धाप लागत होती. मासेवाली थांबून थांबून निघून गेली.

"भाऊ, झालं का?" राधाने विचारलं. "माझी पाठ भरून आली."

अंबादासने कॅमेरा खाली घेतला. मग त्याने लांबची काढली, पिशवीत ठेवली आणि मधली लावली. माझ्या घरातून चालत पुढे आला आणि उंबऱ्यात, चौकटीला खांदा टेकवून उभा राहिला. आता राधा त्याच्यापासून पाच हातांवर आणि तिच्या मागे खाटेवर धोंडिराम. बावीस वर्षांत ते इतके समोरासमोर आले नव्हते. रस्त्यात दिसले तर दोघांपैकी एक पानाच्या टपरीवर थांबायचा.

"डाव्या गालावर उजेड नाही," अंबादास कॅमेऱ्यातून बघत म्हणाला. "पांढरी चादर धरावी लागेल कुणीतरी."

मिथुन कामावर. मी उठले, पण माझे हात आता खांद्याच्या वर जात नाहीत हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. मग खाट वाजली. धोंडिरामने खाटेवरची चादर ओढली, झटकली आणि राधाच्या शेजारी येऊन दोन्ही हातांनी धरून उभा राहिला, तिच्या गालापासून हातभर.

"वर धर," अंबादास म्हणाला. कुणाला, ते बोलला नाही.

चादर वर गेली.

"अजून थोडी, धोंडिराम."

"आता?"

"आता बरोबर."

"मी कुठे बघू?" राधाने विचारलं.

"चादरीकडे बघ."

चादरीच्या वर धोंडिरामचं तोंड होतं. ती तिकडे बघत राहिली आणि तोही तिच्याकडे बघत राहिला, कारण चादर धरून दुसरीकडे कुठे बघणार. अंबादासने श्वास धरला. मी बघितलं, त्याचा हात तेवढ्यापुरता थांबला.

गुरुवारी तो फोटो घेऊन आला. उंबरा ओलांडला नाही, गल्लीत उभं राहून धोंडिरामच्या हातात दिला. "पेटीत ठेवा, घाई नाही."

धोंडिरामने वर्तमानपत्र सोडलं, दारातल्या उजेडात बराच वेळ बघितलं.

"नाक बरोबर आहे," तो म्हणाला.

"हो."

"आईचा तो फोटो. टाकलास?"

"नाही."

"आण."

अंबादास म्हणाला, "तो चुकलाय धोंडिराम. तूच म्हणाला होतास. आणि खरं होतं ते."

धोंडिरामने फोटो पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळला. मग म्हणाला, "मी चादर धरून उभा होतो ना, हिच्या एवढ्या जवळ. बघत होतो. आईला शेवटी दोन महिने मीच भरवत होतो, चमच्याने वरणाचं पाणी. खाटेच्या कडेला बसून, एवढ्यावर." त्याने हात करून दाखवला, दीड हात. "तेव्हा ती अशीच दिसायची. मोठं नाक. कान दिसायचेच नाहीत. मी विसरलो होतो."

अंबादासने मान हलवली आणि पायऱ्या उतरून गेला. मी आत जाऊन उगीच ओटा पुसला.

पुढच्या बुधवारी अंबादास गेला. गाळ्यातल्या खुर्चीवर, दुपारी, चष्मा डोळ्यावर. राधा आहे अजून, औषधं घेते, माझ्याशी कोथिंबिरीवरून वाद घालते. तिचा फोटो पेटीत आहे. पण अंबादासचं म्हणून माझ्या डोळ्यासमोर राहतं ते त्याच्या आधीच्या रविवारचं.

तो पायऱ्या चढून येत होता, दर वळणावर थांबत. फ्रेम वर्तमानपत्रात, चेहरा छातीकडे. शर्टाच्या खिशात हातोडी. धोंडिराम दारात उभा होता, तो बाजूला झाला. अंबादासने चपला काढल्या आणि आत गेला. खिळा भिंतीत होताच, तरी त्याने सवयीने त्यावर हातोडीचे दोन ठोके दिले. सगुणाबाईला लावलं. मग पाठीमागे बघत बघत बाहेर आला, गल्ली ओलांडली आणि आमच्या उंबऱ्यात येऊन उभा राहिला, लांबून बघायला.

"डावी बाजू जरा खाली, धोंडिराम."

"आता?"

"आता सरळ आहे."

राधा म्हणाली, "भाऊ, चहा टाकते."

"नको गं. तुला माहीत आहे."

तिने पाणी दिलं. ते त्याने उभ्यानेच प्यायलं, तांब्या परत दिला, चपला घातल्या. वर्तमानपत्राची घडी करून काखेत मारली आणि कठड्याला हात धरून, एकेक पायरी, खाली गाळ्याकडे निघाला.