खाटेपाशी घसरणारी गाडी

फोन आला तेव्हा मी सीताबर्डीत एका टपरीवजा दुकानापुढे उभा राहून मोहरीएवढ्या बल्बसाठी वाद घालत होतो. दुकानदार पांढरा दाखवत होता आणि मला पिवळा हवा होता, कारण ताईला पिवळा हवा होता. "काका, पांढऱ्याचा उजेड जास्त पडते," तो मला समजावून राहिला होता. मी म्हटलं, "अरे बाबा, उजेड नाही पाहिजे मले, वाफेच्या इंजिनाचा दिवा पाहिजे." तेवढ्यात रेखाचा, म्हणजे माझ्या बायकोचा, फोन. "अहो, तुम्ही आधी घरी या," एवढंच बोलली. घरी म्हणजे ताईच्या घरी, धरमपेठेत. ताईचं दुखणं वाढल्यापासून रेखा तिथंच मुक्कामाला होती. मी फोन खिशात टाकला. गाडी कुठे लावली ते आठवेना म्हणून ऑटोत बसलो... बल्ब मात्र घेतला होता, पिवळाच. तो शर्टाच्या खिशात राहिला आणि पुढे धुण्यात गेला. ताईला नेताना मी कोरडा राहिलो, पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या, दिवशीही लोकांना चहा विचारत फिरलो, पण त्या धुतलेल्या शर्टाच्या खिशात काचेचा चुरा लागला आणि मी मोरीपाशीच बसून ओक्साबोक्शी रडलो.

करुणाताई माझी सख्खी मोठी बहीण. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही असं कुणी विचारलंच तर "तुमच्या पोटात काहून दुखून राहिलं?" असा रोख जवाब. तिचा धंदा दातांचा. ती डॉक्टर नव्हती. डॉक्टर माप घेत आणि कवळी, टोप्या, खोटे दात ताई तिच्या लॅबमध्ये बनवायची. अर्ध्या नागपूरचं हसू माझ्या बाकावर तयार झालं, असं ती ऐटीत सांगायची. लॅब बंद केल्यावर आता ही बाई आराम करेल असं आम्हाला वाटलं. कसचं काय! मेण, प्लास्टर, ड्रिल, बारीक चिमटे, सगळं घरी आणून तिनं मागच्या खोलीत खेळण्याएवढी आगगाडी बनवायला घेतली. छोटी लाइन, म्हणजे नॅरोगेज. आमचे बाबा त्या लाइनवर रुळांचे सांधे बदलणारे पॉइंट्समन होते, आणि आमचं बालपण जंगलातल्या एका एवढ्याशा स्टेशनाच्या क्वार्टरमध्ये गेलं. पुढे छोटी लाइन उखडली, मोठी आली. चांगलंच झालं, लोकांना पाहिजेच होती. पण आमचं स्टेशनही त्यात गेलं, आणि ताईला ते भिंतीला लावलेल्या फळ्यांवर जसंच्या तसं परत उभं करायचं होतं. मी म्हटलं, "वं ताई, गेलेली गाडी कायले उकरून काढून राहिली?" तर म्हणे, "मले गाडीचं काही पडलं नाही गा. मले बाबांची ड्युटी पाहाची आहे."

मी खापरखेड्याला वीज केंद्रात इलेक्ट्रिशियन होतो, म्हणून वायरिंग माझ्या गळ्यात पडलं. दर रविवारी तर्री-पोहे बांधून घ्यायचे आणि धरमपेठ गाठायची, असा आमचा नेम. ताईचं काम बघत बसावं असं. स्टेशनाच्या भिंती दातांच्या प्लास्टरच्या. त्या पांढऱ्याशुभ्र, देखण्या निघायच्या, आणि मग ही बाई त्या मळवायला बसायची. चुलीच्या धुराचा डाग, पावसाच्या ओघळांची हिरवट रेघ, पोरांनी खडूनं काढलेल्या विकेटी. "नवी वस्तू खोटी दिसते," म्हणायची, "तोंडात सगळे दात पांढरे असले की कळतेच ना, कवळी आहे म्हणून!" भर मे महिन्यात ती कूलर बंद करून बसायची, कारण कूलरच्या वाऱ्यानं रंगवलेल्या भुशाचं गवत उडायचं. मी घामानं निथळत करवादायचो आणि ती भिंगातून मान वर न करता म्हणायची, "तुले गरम होत असेल तर गच्चीवर जा." बाबांचा बोटाच्या पेराएवढा पुतळा तिनं कवळीच्या मसाल्यातून कोरला. रंग देण्याआधी तो हिरड्यांसारखा गुलाबी. मी म्हटलं, "बाबा तर साहेब झाले!" आम्ही दोघं इतके हसलो की रेखा स्वयंपाकघरातून धावत आली. पण रंगवून झाल्यावर बाबा हिरवी झेंडी घेऊन, एका पायावर जरासा भार टाकून उभे राहिले, आणि ताईनं त्यांना नेऊन फलाटावर ठेवलं.

डबे झाले, मालगाडीच्या वाघिणी झाल्या. इंजिन मात्र तिनं शेवटी धरलं. पितळी पत्रा कापून, डाग देऊन, एकेक रिव्हेट सुईनं उठवून... आणि ते अर्धं झालं असताना तिच्या पोटातला आजार कळला. इस्पितळातून घरी पाठवताना डॉक्टरांनी जे सांगायचं ते सांगितलं. भाड्यानं वरखाली होणारी खाट आणली, पण ती ठेवायची कुठे? न्हाणीघर लागून होतं ते मागच्याच खोलीला, आणि ताईलाही दुसरीकडे जायचं नव्हतं. रूळ खोलीच्या चारी भिंतींना धरून पूर्ण फेरा घेत होते. खाटेसाठी एक कोपरा कापावा लागणार होता. मी घुटमळत होतो तर तिनंच बोटानं रेघ दाखवली. "इथून काप. वळण आवळून घे." मी कापलं. मोठं, सैल वळण गेलं, आणि तिच्या उशाशी एक आखूड, घट्ट वळण आलं.

इंजिन तिनं खाटेवर बसून पुरं केलं. त्या दिवसांत तिचं एकच मागणं होतं, गाडीनं आपल्या स्टेशनावरून निघून पूर्ण फेरा मारून परत बाबांसमोर येऊन थांबावं आणि ते आपल्या डोळ्यांनी दिसावं. एकदा, बस. इंजिन रुळावर ठेवलं, मी करंट दिला. काय ऐटीत निघालं ते! स्टेशन सोडलं, पूल ओलांडला, आणि तिच्या उशापाशी येऊन घसरलं. उचलून ठेवलं, परत घसरलं. दातांचा चावा नीट बसतो का बघायला डॉक्टर निळा कागद चावायला देतात ना, तो ताईनं मागवला, रुळावर धरला आणि इंजिन हातानं पुढे ढकललं. एका बाजूची तिन्ही मोठी चाकं एकाच दांड्यानं सरळ रेषेत जोडलेली, त्यामुळे घट्ट वळणात मधलं चाक रुळाला घासायचं. मधल्या चाकाच्या कडेला निळा डाग उमटला. "हे अडते," ती म्हणाली. खऱ्या गाडीला वळायला अख्खा माळ असतो, आमच्याकडे खोली होती, आणि त्या खोलीत खाट.

उपाय साधा होता. मधल्या चाकाची कड घासून टाकायची. "बाहेरून कोणाले दिसते, वं?" मी म्हटलं. ती भडकलीच. "मले दिसते ना! पेशंटले दिसत नाही म्हणून मी मागची दाढ वाकडी बसवली का कधी?" मग म्हणाली, "मले समोरच्या खोलीत ने. खाट काढ, जुनं वळण टाक." रेखा हात जोडून म्हणाली, "ताई, तुम्हाले कुशीवर वळवताना जीव जाते तुमचा, कुठं हलवता?" आणि हलवलं असतं तरी तिकडून तिला गाडी दिसली नसती. तिथं असा पेच पडला. ताई तिथं असेपर्यंत गाडी फिरणार नव्हती, आणि गाडी फिरवायची तर ताईला तिथून उठावं लागणार होतं. हे आम्हा तिघांनाही कळत होतं. रोज चार वाजता ती म्हणायची, "सोड गा." मी गाडी सोडायचो, ती उशापाशी यायची, घसरायची, मी उचलून सरळ रुळावर ठेवायचो. ताई डोळे मिटून घ्यायची.

शेवटी एका दुपारी तिनं स्वतःहूनच इंजिन मागितलं. "दे. घासतो मीच." आमच्याकडे बायकाही असंच बोलतात, घासतो, जातो. मी ड्रिल लावून दिलं. इतकी वर्षं त्या हातांनी केसाएवढ्या फटी बुजवल्या होत्या. ते हात आता इतके थरथरत होते की चाक आणि ड्रिल एकमेकांजवळ येईनात. मी हात पुढे केला तर मान हलवली. बराच वेळ इंजिन मांडीवर घेऊन बसली, अंगठ्यानं ते चाक फिरवत. मग म्हणाली, "राहू दे. चांगलं झालं आहे ते. उद्या तू याले दिवा आणून दे, पिवळा." दुसऱ्या दिवशी मी सीताबर्डीला गेलो.

खाटवाले येऊन खाट घेऊन गेले. फरशीवर चार पायांचे डाग राहिले. काही दिवस मी त्या खोलीत पाऊलच टाकलं नाही. मग गेल्या रविवारी नवा प्लायवूड नेला, कोपरा भरला, मोठं, सैल वळण टाकलं, रूळ जोडले. रेखा दारात उभी राहून बघत होती. करंट दिला. गाडी निघाली, पूल ओलांडला, ताईची उशी असायची त्या जागेवरून सावकाश वळली, आणि पूर्ण फेरा मारून बाबांसमोर येऊन थांबली. कुठं अडली नाही, साधी डगमगली नाही. ताईनं चाकांचं माप बरोबरच घेतलं होतं. एवढी हातभर जागाच काय ती कमी पडत होती.

मी करंट बंद केला आणि खाली फरशीवर, खाटेच्या पायांच्या त्या डागांमध्ये बसलो. काय करू वं ताई मी ह्या फिरणाऱ्या गाडीचं? तू ती जागा जन्मभर अडवून बसली असतीस तरी चाललं असतं मला. घसरली असती गाडी रोज... मी रोज उचलून ठेवली असती.