एका कोपीपुढच्या दोन चुली

उसाच्या पाचटाने शाकारलेल्या त्या कोपीपुढच्या दोन चुली मला आजही जशाच्या तशा दिसतात.

मी तेव्हा कोपरगाव तालुक्यातल्या एका ठाण्यात सहायक फौजदार होते. ऊसतोडीचा हंगाम चालू होता. सकाळची हजेरी संपली आणि पाथर्डीकडची एक बाई दारातच उभी राहिली. नवऱ्याशी तिचे घटस्फोटाचे प्रकरण कोर्टात होते. तोडीला आलेल्या गावच्या माणसाने तिला फोन केला होता, "तुझ्या नवऱ्याच्या कोपीत दुसरी बाई हाय. गळ्यात मंगळसूत्र हाय तिच्या."

दुसऱ्या लग्नाची तक्रार कोर्टात करावी लागते, हे मी तिला समजावले. ती म्हणाली, "मला गुन्हा नको, मॅडम. सोमवारी कोर्टात सही करायचीय. दुसरी केली आसंल तर करते सही. नसंल तर नांदायला जाते. तेवढं बघून द्या."

अर्ज घेतला, तिला ठाण्यात बसवले आणि एका शिपायाला घेऊन मी ऊसतोड्यांच्या तळावर गेले. टोळी नुकतीच फडातून परतली होती. मुकादमाच्या वहीत नवऱ्याच्या नावापुढे 'एक कोयता' लिहिले होते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी.

"ही कोण?" कोपीपुढे उभ्या बाईकडे बोट करून मी नवऱ्याला विचारले.

"जोडीदारीन."

"लग्न कधी केलं?"

तो कोयता पुसू लागला. बाईने पदर पुढे ओढला. बघे जमलेच होते. एक म्हातारी म्हणाली, "सांग की रं दाजी! वरातीला आमाला बोलावलं न्हाई ते!" सगळे हसले.

मी मुळात कमी बोलणारी. समोरचा गप्प बसला की मी आजूबाजूला पाहते. कोपीत मधोमध जुन्या साडीचा पडदा होता. बाहेर दोन चुली, दोन्हींत ताजी राख. एकेकट्यापुरती दोन पातेली. बाईला बाजूला घेऊन विचारायला हवे होते. मी तिथेच विचारले, "तुमच्या चुली वेगळ्या का?"

बाई रडू लागली. "माझा मालक वारलाय, मॅडम. हे मंगळसूत्र त्येंचंच हाय. एकट्या बाईला तळावर नीट ऱ्हाऊ देत न्हाईत, म्हनून घातलं."

नवरा म्हणाला, "एकट्याला कोन घेतंय? कोयता जोडीनंच लागतो. मुकादमाला ठावं हाय."

हसणे थांबले. काही पुरुष तिच्याकडे निराळ्या नजरेने पाहू लागले, तेही मला दिसले. जबाबावर तिने अंगठा दिला, मंगळसूत्र काढून पदराच्या गाठीत बांधले आणि संध्याकाळच्या एसटीने ती गावी गेली.

ठाण्यात मी अर्जदार बाईला दोन चुलींचे सांगितले. ती डोळे पुसत हसली. "म्हंजी हातानं भाकरी थापतोय व्हय? फुगत न्हाई त्येची." आणि तशीच तळावर निघाली. मी शिपाई सोबत दिला.

जोडी मोडल्याने नवरा बोचके बांधत होता. तो तिला म्हणाला, "भन म्हनून आनली हुती तिला. तुझ्यापायी चारचौघांत उघडी पडली. सोमवारी ये, सही करू." शिपायाने परत येऊन हे सांगितले. तुझ्यापायी म्हणाला. खरे तर माझ्यापायी.

सोमवारी दोघांनी सही केली.

अर्जावर मी शेरा मारला, 'चौकशीत तथ्य आढळले नाही. अर्ज निकाली.' त्यात एक अक्षर खोटे नव्हते. पुढे निवृत्त होईपर्यंत मी कोणत्याही बाईला लोकांसमोर प्रश्न विचारला नाही. त्या विधवेने पुढचा हंगाम कसा काढला, मंगळसूत्र पुन्हा घातले की नाही, ते मला माहीत नाही. पाहायला जावे असे अनेकदा वाटले. पण तिच्या दारात पुन्हा पोलीसच उभी राहिली असती.