आत्या खिडकीत, बाळ अंगणात

प्रिय राहुल आणि यशोधरा,

नेपरव्हिलच्या तुमच्या घरात मी एकदा पाऊस पाडला होता. अंगणात नव्हे, दिवाणखान्यात.

ही गोष्ट तुमच्या आईबाबांनी तुम्हाला सांगितलेली नाही, कारण ते सभ्य आहेत. मीही सांगितली नसती. पण परवा यशोचा सनीव्हेलहून फोन आला. "आजी, इथला उन्हाळा दरवर्षी वाढतच चाललाय. अपार्टमेंटमध्ये एसी नाही. बाबा म्हणतात, तू एकदा घरीच कूलर बनवला होतास. कसा बनवायचा, सांग ना!" (एवढं सांगून बाबा खूप वेळ हसत होते म्हणे. का, ते त्यांनी सांगितलं नाही.) शिवाय तिची रूममेट विचारते, की तू बाथरूममध्ये गेलीस की मोठमोठ्याने गाणं का म्हणतेस? आता या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे, आणि ते उत्तर म्हणजे मी. तेव्हा लिहून टाकलेलं बरं.

यशो, तुझ्या जन्मासाठी मी नागपूरहून आले होते. बाळंतपण झालं, लाडू झाले, तुझं अंग रगडून झालं, आणि माझं परत जाणं जवळ आलं. तिकीट सोमवारचं होतं. नामकरण आदल्या दिवशी, रविवारी ठरलं. तुझी मित्राआत्या, म्हणजे माझी लेक संघमित्रा, ट्रॉयहून गाडी चालवत येणार होती. आपल्याकडे बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. ते नाव मी स्वतः निवडलं होतं, आणि आत्याच्या तोंडून ते ऐकल्याशिवाय मला विमानात बसायचं नव्हतं. पुढची खेप कधी व्हायची ते व्हिसावाल्यांनाच ठाऊक!

आणि त्याच आठवड्यात एसी बंद पडला.

तो उन्हाळा भयंकर होता. शेजारपाजारचे सगळे म्हणत होते की असा उकाडा आम्ही जन्मात पाहिला नाही. (पुढच्या उन्हाळ्यातही ते हेच म्हणाले. त्याच्या पुढच्याही.) गावातले सगळे एसी एकदमच आजारी पडले होते. प्रशांतने, म्हणजे तुमच्या बाबांनी, दुरुस्तीवाल्याला फोन केला.

"मंगळवारी येतो म्हणाला."

"मंगळवारी? कार्यक्रम रविवारी आहे!" तुमची आई सुनीता म्हणाली. "प्रशांत, कॅन्सल करू या. नाहीतर एखादा हॉल बुक करू."

"सगळे हॉल फुल आहेत. विचारलं मी."

"मग पुढच्या महिन्यात करू."

पुढच्या महिन्यात! मी तेव्हा नागपुरात बसून काय फोटो बघणार? मी ताठ उभी राहिले. "सुनीता, मी नागपूरची आहे. मे महिन्यात आमच्याकडे डांबर वितळतं. तुम्ही मला इलिनॉयच्या उन्हाची भीती दाखवता? मी कूलर बनवते."

सुनीता पुण्याची. पुण्याच्या लोकांना कूलर म्हणजे काय ते कळत नाही, अशी माझी तेव्हा समजूत होती. तुम्हालाही सांगते. खिडकीत पत्र्याचा डबा बसवायचा, त्याला तीन बाजूंनी गवताच्या ताट्या, ताट्यांवरून पाणी ठिबकत ठेवायचं, आणि मध्ये पंखा. बाहेरची तापलेली हवा ओल्या ताट्यांतून आत येते ती गार होऊन. होळी झाली की सारं नागपूर माळ्यावरचे कूलर खाली काढतं. कूलरशिवाय नागपूरकराला उन्हाळ्यात झोप येत नाही, आणि कूलरच्या घरघरीशिवाय हिवाळ्यातही नीट येत नाही.

"पण आई," सुनीता हळूच म्हणाली, "इथली हवा खूप ह्युमिड असते."

"त्याने काय होतं?" मी विचारलं.

हा प्रश्न लक्षात ठेवा. तो एका निवृत्त भूगोलाच्या शिक्षिकेने विचारला होता.

मी कामाला लागले. आधी पट्टी-पेन्सिल घेऊन आकृती काढली, सगळ्या भागांना नावं दिली. (आकृती उत्तम होती. दहापैकी दहा.) प्रशांतने चौकोनी पंखा आणला. ताट्यांसाठी लागणारं वाळ्याचं गवत, म्हणजे खस, कुठेच मिळालं नाही, तेव्हा बागेच्या सामानाच्या दुकानातून गव्हाच्या काडाचा एक गठ्ठा आणला आणि कोंबड्यांच्या जाळीत तो दाबून भरला. पाणी वर चढवायला पंप हवा होता. पंप घरात एकच होता, राहुलच्या माशाच्या टाकीत.

"आजी, नो! ही नीड्स ऑक्सिजन!" राहुल ओरडला. सहा वर्षांचा होतास तू.

"त्याला सांग, आम्हालाही हवाय," मी म्हटलं, आणि मासा कणकेच्या परातीत सोडला. (मासा वाचला. रडू नकोस.)

दिवाणखान्यात, खालच्या बाथरूमला लागून जी मोठी खिडकी आहे, तिच्यात कूलर बसला. शुक्रवारी सकाळी मी बटण दाबलं. घरघर सुरू झाली, ओल्या काडाचा वास सुटला, आणि पंख्यासमोर उभी राहून मी डोळे मिटले. अगदी नागपूर!

"गार वाटतंय ना?" मी विचारलं.

"हो आई," प्रशांत म्हणाला. मुलगा गुणी आहे. त्याच्या चष्म्यावर वाफ धरली होती.

दुपारपर्यंत सगळ्यांच्याच अंगाला कपडे चिकटले. मला वाटलं, पाणी कमी पडतंय. मी पाणी वाढवलं. संध्याकाळी भिंतीवरचं कॅलेंडर गुंडाळी होऊन खाली पडलं. मी पंख्याचा वेग वाढवला. शनिवारी कार्यक्रमासाठी केलेला चिवडा मऊ पडला, तळलेले पापड रुमालासारखे लोंबायला लागले, मीठ बरणीतून बाहेर येईना आणि स्वयंपाकघरातला ड्रॉवर उघडेना. सुनीताने तुला उचललं, यशो, आणि सरळ ड्राइव्हवेमधल्या गाडीत जाऊन एसी लावून बसली.

"अगं, आत ये. आत कूलर आहे!" मी दारातून म्हटलं.

"म्हणूनच बाहेर आहे, आई," ती काच जेमतेम उघडून म्हणाली आणि लगेच बंद केली.

त्या संध्याकाळी प्रशांत कूलरजवळ गेला आणि तिथेच थबकला. "आई, हे बघ."

काडात राहिलेले गव्हाचे दाणे उगवले होते! ताट्यांमधून छान पोपटी कोंब डोकावत होते.

"बंद करू या का?" त्याने विचारलं.

"उद्या पाहुणे येणार आणि आज बंद? बंद खोलीत माणसं भाजून निघतील." मी त्याला सुनावलं. खरं सांगायचं तर एव्हाना मला शंका आली होती. पण भूगोलाच्या शिक्षिकेने माघार घ्यायची म्हणजे सगळ्या नकाशालाच सुरकुती पडते!

रविवार उजाडला. मित्रा आली. पाच तास गाडी चालवून आलेली, रेशमी साडी, केसांत गजरा. घरात पाऊल टाकलं आणि तिने नाकाला पदर लावला.

"आई, घरात म्हैस पाळलीस का?"

"कूलर आहे तो."

"कूलर? इथे?" ती हसत सुटली. "थांब, आधी तोंड धुऊन येते," असं म्हणून खालच्या बाथरूममध्ये गेली आणि आतून दार लोटलं. ते एरवी सहज लागायचं. त्या दिवशी तिला जोर लावावा लागला. लागलं मात्र पक्कं.

पाहुणे जमायला लागले. "जय भीम, काकू!" म्हणत एकेक जण आत येई आणि आत येताच रुमाल काढी. नागपूरच्या शीलाकाकूंनी तर डोळे पुसले. "काय सांगू, मावशी! दारातच वास आला आणि माहेरचा गोठा आठवला!" त्या खरंच भारावल्या होत्या. गर्दी झाली म्हणून मी पंखा शेवटच्या आकड्यावर नेला. मग ज्यांना नागपुरी कूलर ठाऊक आहे त्यांना कळेल ते झालं. पाणी जास्त आणि वेग जास्त झाला, की कूलर पाणी फेकायला लागतो. समोरच्या रांगेतल्या पाहुण्यांवर बारीक तुषार पडायला लागले.

"मॉम! इट्स रेनिंग इनसाइड!" राहुल आनंदाने ओरडत बाहेर गाडीकडे धावला.

त्या गडबडीत बाथरूममधून धडधड ऐकू आली. "दादा! दार उघडत नाहीये!"

प्रशांतने बाहेरून ढकललं. तिने आतून ओढलं. दोन दिवस दमट हवा पिऊन ते लाकडी दार फुगून चौकटीत घट्ट बसलं होतं. प्रशांतने स्क्रूड्रायव्हर आणला, तेल आणलं, साबण आणला. त्याच्या एका इंजिनिअर मित्राने दार कसं फुगतं ते समजावून सांगितलं. दुसऱ्या इंजिनिअरने ते खोडून काढलं. आत संघमित्राचा पारा चढला. ट्रॉयमध्ये इतकी वर्षं काढलेली, मीटिंगा घेणारी माझी लेक, चिडली की थेट आमच्या गल्लीत पोचते.

"चर्चा काय करून राहिले बे? मले बाहेर काढा ना!"

"काढतोय ना, ओरडतेस काय!"

"घड्याळ पाहा! मला आजच परत निघायचंय, उद्या सकाळी ऑफिस आहे!"

मित्राला दुपारी निघायचं होतं, मला दुसऱ्या दिवशी. आत्या कडीबंद, बाळ गाडीत, आणि सुनीता ठाम. "बाळ त्या घरात येणार नाही. आई, प्लीज." तिचा आवाज चढला नव्हता, आणि तेच जास्त लागलं. एवढा खटाटोप मी नामकरण व्हावं म्हणून केला होता, आणि माझ्याच खटाटोपाने ते होत नव्हतं. मी सोफ्यावर टेकले. सोफ्यातून पाणी निघालं.

तेवढ्यात राहुल पळत आला. "आजी, आय कॅन सी आत्या फ्रॉम द बॅकयार्ड!"

बाथरूमची खिडकी मागच्या अंगणात उघडते ना! ती अर्धीच वर सरकते, त्यामुळे माणूस बाहेर निघणं शक्य नव्हतं, पण डोकं आणि खांदे निघत होते. प्रशांतने जाळी काढली. गजरा, मग कुंकू, मग अख्खा संतापलेला चेहरा बाहेर आला.

"बाळ इकडे आणा," आत्याने हुकूम सोडला.

सगळी मंडळी अंगणात आली. मेपलच्या झाडाखाली सावली होती, थोडी वाऱ्याची झुळूक होती, आणि सगळ्यांच्या तोंडून एकदमच "हाऽऽश!" निघालं. (हे झाड तिथे आधीपासून होतं. मला कोणीही ते सांगितलं नव्हतं.) बुद्धाची तसबीर आणि बाबासाहेबांचा फोटो बागेतल्या टेबलावर मांडले, मेणबत्त्या लावल्या. त्रिशरण-पंचशील झालं. त्यात एक आवाज खिडकीतून येत होता, आणि सगळ्यांत खणखणीत तोच होता. मग सुनीताने तुला उचलून खिडकीशी धरलं, यशो. मित्रा वाकली. तिचा राग कुठल्या कुठे गेला. "कुर्रर्र..." करून तिने तुझ्या कानात नाव सांगितलं, आणि मग मोठ्याने सगळ्यांना: "यशोधरा!"

मी रडले. चेहरा आधीच ओला असल्यामुळे कोणाला कळलं नाही.

आता, नाव सांगितलं की बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात, ही आपली रीत. पण आत्याची पाठ तर बाथरूममध्ये!

"धपाट्यांशिवाय नाव लागत नसतं!" शीलाकाकूंनी जाहीर केलं. "चला गं, पाठ नाही तर दार सही!" पदर खोचून त्या घरात शिरल्या, मागे चार-पाच जणी, आणि सगळ्यांनी मिळून बाथरूमच्या दारावर धपाधप धपाटे घातले. इंजिनिअरांना, तेलाला आणि साबणाला दाद न देणारं ते दार कडकन उघडलं! शीलाकाकू थेट आत गेल्या आणि खिडकीत अडकलेल्या आत्याच्या पाठीवर आदळल्या. म्हणजे धपाटा पडलाच, आणि रीत तंतोतंत पाळली गेली.

नंतर मी गुपचूप कूलरची वायर काढली. निरोप घेताना मित्रा माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "आई, दहावीला तूच शिकवलं होतंस ना आम्हाला? हवा कोरडी असेल तरच पाण्याची वाफ होऊन गारवा मिळतो. दमट हवेत नुसता घाम."

"शिकवलं होतं," मी म्हटलं. "पण सध्या मी रजेवर आहे."

यशो, सनीव्हेलची हवा कोरडी असते. तिथे कूलर खरोखर चालेल. आकृती सोबत जोडली आहे. फक्त काड झटकून घे, आणि बाथरूमपासून लांब बसव.

आणि तुझ्या रूममेटला सांग: त्या दिवशी दाराबरोबर चौकटीतली कडीची पट्टीही निघाली. हिवाळ्यात दार वाळून आक्रसलं आणि पुन्हा कधी लागलंच नाही. तेव्हापासून तुमच्या घरात, खालच्या बाथरूममध्ये जो जाईल त्याने गाणं म्हणायचं, म्हणजे बाहेरच्याला कळतं. राहुल हे सहाव्या वर्षी शिकला आणि तू तर चालायच्या आधीच, त्यामुळे तुम्हाला वाटतं सगळं जग असंच करतं.

ते दार अजून तिथेच आहे आणि अजून लागत नाही. मला गाता येत नाही, म्हणून मी आत गेले की देशांच्या राजधान्या म्हणते. प्रशांत सांगतो, दोन चुकतात.

तुमची,
आजी