चष्मेवाल्याच्या घरचा करार

चष्मेवाला भारी सबुरीचा माणूस. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की तो डोळ्यांपुढे एक काच धरायचा, मग दुसरी. "आधी बरं दिसत होतं की आता?" माणूस गोंधळला तर कुरकुर न करता पुन्हा पहिली काच. सकाळी मात्र तो दुकानाचं शटर अर्धंच उचलून वाकून आत शिरायचा आणि काउंटरमागच्या स्टुलावर डोळे मिटून बसायचा. देवाशी त्याचं रोजचं बोलणं असे. घरी ते जमण्यासारखं नव्हतं, कारण घरी करार होता.

त्याची बायको लिफ्ट दुरुस्त करायची. लिफ्टच्या अंधाऱ्या खड्ड्यात उतरून एकेक तार चाचपणारी बाई ती. जे हाताला लागत नाही त्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. "माझी लिफ्ट तारेवर चालते, प्रार्थनेवर नाही," असं ती तोंडावर सांगायची. लग्नाआधी दोघांना याची गंमत वाटली. मुलगी झाली आणि गंमत संपली. तिला काय शिकवायचं यावरून दोघं पाळण्याच्या दोन बाजूंना उभं राहून असे काही भांडायचे की पोर रडायचं विसरून टकामका बघत राहायची.

शेवटी बायकोनेच तोड काढली. ठमीने, म्हणजे लेकीने, देवाबद्दल काही विचारलं तर ज्याला विचारलं त्याने दुसऱ्याची बाजू सांगायची, आपली तिला दिसूही द्यायची नाही. दुसऱ्याची बाजूही "बाबांना असं वाटतं" असं नाक मुरडून नाही, तर आपलीच समजून. मोठी झाली की पोर आपलं आपण ठरवेल. चष्मेवाल्याला हे पटलं. काचासुद्धा अशाच दाखवायच्या असतात.

मग ठमीने "बाबा, आभाळात कोण राहतं?" म्हटलं की तो मन मारून सांगायचा, "कोणी नाही बाळा. ढग आहेत, त्यापलीकडे तारे. इथे आपणच एकमेकांना सांभाळायचं." आणि तिकडे बायको हातातला पाना बाजूला ठेवून म्हणायची, "आपण एकटे नसतो गं. कोणीतरी ऐकत असतं." दोघंही हातात घेतलेलं काम चोख करणारी, त्यामुळे हेही चोखच केलं. तिथेच सगळं बिनसलं.

ते उघडकीला आलं चष्मेवाल्याची आई राहायला आली तेव्हा. देव न मानणारी सून म्हणून म्हातारीने लग्नात तोंड फिरवलं होतं. ठमी झाल्यावर "नात माझ्याच वळणावर जाईल," असं सांगून त्याने तिची कशीबशी समजूत घातली होती. तिने काठी भिंतीला टेकवली, नातीला जवळ ओढलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, "देवाचं नाव कोण घेतं गं घरात?"

"आई," ठमी म्हणाली. "बाबा देव मानत नाहीत."

चष्मेवाल्याच्या हातातला पाण्याचा पेला कलंडला. आजीने सुनेकडे पाहिलं, लेकाकडे पाहिलं, परत सुनेकडे पाहिलं. सून खोकल्याचं निमित्त करून आत पळाली आणि आतून खोकला सोडून भलताच आवाज यायला लागला.

"काय रे हे?" आजी म्हणाली. "तिचं मला माहीत होतं. तुला काय झालं?"

त्याला काही हसू येईना. ही पोर कधीतरी आपल्या शेजारी डोळे मिटून बसेल, एवढ्या एकाच आशेवर तो करार पाळत आला होता. आणि पाळता पाळता त्याने स्वतःलाच तिच्यापासून लपवलं होतं.

"आई काय सांगते गं तुला?" त्याने हळूच विचारलं.

"सांगते की, देवाजवळ आधी आपलं काही मागायचं नाही. ज्याच्यावर आपण चिडलोय त्याचं आधी भलं मागायचं. मन भटकलं तर स्वतःवर रागवायचं नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं."

तो बघतच राहिला. हे त्याचंच होतं, शब्दन् शब्द. लग्नाच्या आधी एकदा बागेतल्या बाकावर त्याने बायकोला सांगितलं होतं, तेव्हा ती हसली होती. या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं असेल, असंच तो इतकी वर्षं समजत होता.

"ठमे, ते सगळं माझं आहे," तो म्हणाला. "आई माझ्या वतीने सांगत होती."

"आणि ढग-तारे माझे," बायको डोळे पुसत बाहेर आली. "पण आई, खरं सांगते, हा ते माझ्यापेक्षा छान सांगतो."

आजीने कपाळाला हात लावला. "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही एकमेकांची वकिली करताय? आणि पाळण्यापाशी भांडायचात ते मात्र स्वतःच्या बाजूने?" पण तिचे ओठ हलत होते, आणि ते रागाने नव्हे, हसू दाबताना.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोनेच ठमीला उठवलं. "जा, आता ज्याचं त्याच्याकडूनच ऐकून ये."

अर्ध्या शटरखालून ठमी न वाकताच आत गेली. बाबांच्या शेजारच्या स्टुलावर चढून बसली. त्याने डोळे मिटले.

"बाबा, आज आधी कोणाचं भलं मागणार?"

"आईचं."

"काल कोणाचं मागितलंत?"

"आईचंच."

"आणि परवा?"

त्याने एक डोळा किलकिला करून तिच्याकडे पाहिलं. ठमी हसता हसता स्टुलावरून घसरली, परत चढली आणि शहाण्यासारखी डोळे मिटून बसली.

"मग मीपण आईचंच मागते," ती म्हणाली. "काल तिने मला पान्याला हात लावू दिला नाही."