हरकत राखून

वसईच्या तहसील कचेरीसमोर माझे अर्ज लिहून देण्याचे टेबल आहे, त्यास आता चोवीस वर्षे होतील. माझे शालेय शिक्षण नववीपर्यंत झाले. त्यापुढचे मी कागदांकडून घेतले. माझ्या मसुद्यातील एक शब्दही न बदलता खाली सही करणारे वकील या गावात आहेत. हे फुशारकीने सांगत नाही. पुढची हकिकत घडली ती या ज्ञानामुळेच घडली, म्हणून आधी नमूद करणे भाग आहे.

सकाळी टेबल मांडल्यावर पहिला पक्षकार येईपर्यंत मी वर्तमानपत्रातील व्यापाराचे पान वाचतो. कोणत्या कंपनीने कोणास विकत घेतले, कोणता फोन घडी घालून खिशात ठेवता येतो, कोणती सेवा आजवर फुकट होती आणि उद्यापासून नाही, याची मला माहिती असते. निर्मळच्या वाडीतील पालकाची जुडी कुठल्याशा गोदामात जाते, अंगावर काळ्या रेघांची चिठ्ठी चिकटवून घेते आणि बोळिंजला आमच्या इमारतीत दहा मिनिटांत पोहोचते, अशी जाहिरात असते. गोदामात ती किती वेळ पडून होती हे कोणी जाहीर करत नाही. अशा गोष्टींवर मी शेजारच्या मुद्रांक विक्रेत्यास दोन शब्द सुनावतो. तो ऐकून घेतो आणि परतफेड करतो.

"वकीलसाहेब," तो मला असेच म्हणतो, "आता फोनमधलं यंत्र अर्ज लिहून देतं. फुकट. परवा एकानं माझ्यासमोर लिहून घेतला. तुमच्यापेक्षा बरा होता, एका पानात संपला."

"त्या यंत्रास तलाठ्याचा स्वभाव ठाऊक आहे काय?" मी विचारले.

"नाही. पण ते चहा मागत नाही."

एका लहान कॅमेरा कंपनीस मोठ्या कंपनीने गिळल्याची चार ओळींची बातमी याच पानावर वाचून मी पान उलटले होते. नंतरच्या आठवड्यात ती बातमी माझ्या टेबलासमोर येऊन बाकावर बसली.

भुईगावच्या एका बाई होत्या, साठीच्या पुढच्या. त्यांचे पती नाताळनंतरच्या पंधरवड्यात वारले होते आणि वाडीच्या वारस नोंदीचे काम माझ्याकडेच होते. त्या दिवशी त्यांनी सातबारा नव्हे, फोन पुढे केला. केळीचे घड चोरीस जात म्हणून पतीने विहिरीजवळच्या खांबावर एक कॅमेरा बसवला होता. समोर काही हलले की तो आपोआप चित्रफीत घेई आणि ती कंपनीच्या भांडारात साठे. बाईंच्या फोनमध्ये फक्त पाहता येई. पतीस सवय लागली ती अशी, की सकाळी मोटर चालू करून तो कॅमेऱ्यासमोर उभा राही आणि स्वयंपाकघरातल्या बाईंशी बोले. कोणता घड उतरवायला आला, पाणी किती चढले, चहा टाक, मी निघालो.

"घरात कधी इतकं बोलला नाही, भाऊ," बाई म्हणाल्या. "त्या डब्याशी बोलायचा."

त्यांनी एक चित्रफीत मला दाखवली. टोपी घातलेला, दात पडलेला माणूस अगदी जवळ येऊन त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी सांगत होता. मी मूळचा चिपळूणकडचा. मला निम्मेच कळले. शेवटी तो हसला, आणि बाईही त्याच ठिकाणी हसल्या. किती वेळा पाहिल्यावर माणूस असा नेमका हसत असेल, याचा मी हिशेब केला नाही.

आता कंपनीची सूचना आली होती. महिनाअखेरच्या दिवशी सायंकाळी सहा वाजता सेवा बंद होईल व साठवलेले सर्व काही नष्ट केले जाईल. वर्ष भरले की चर्चमध्ये मयताच्या नावाची प्रार्थना होते, त्या वर्षाच्या मिस्सेला सगळे नातेवाईक जमणार, तेव्हा त्यांना तो बोलताना दाखवायचा, असे बाईंनी ठरवले होते.

"हे जायला नको, भाऊ. बाकी काही नको मला."

सूचना इंग्रजीत होती. मी ती तीनदा वाचली. चित्रफिती स्वतःकडे उतरवून घेण्याची सोय दिलेली होती, हे मी त्याच दिवशी वाचले होते. ते मी लपवणार नाही. परंतु त्याआधी एक चौकट होती आणि तीत खूण करायची होती: सेवा बंद होणे मला मान्य आहे, कंपनीविरुद्ध माझा कोणताही दावा राहणार नाही.

येथे माझा धंदा आडवा आला. रस्त्यासाठी जमिनी गेल्या तेव्हा मोबदल्याचा धनादेश घेताना ज्यांनी नुसती सही केली, त्यांचे बोलणे पुढे कोणी ऐकून घेतले नाही. ज्यांना मी सहीच्या वर 'हरकत राखून' हे दोन शब्द लिहायला लावले, त्यांची प्रकरणे आजही उभी आहेत. घ्यायचे ते घ्यावे, पण हरकत राखून घ्यावे, हे मी शेकडो लोकांना शिकवले. या बाईंनासुद्धा. फोनमधील त्या चौकटीत खूण तेवढी करता येत होती. हरकत लिहिण्यास जागा नव्हती.

"बाई, याला बोट लावायचं नाही," मी सांगितले. "लावलंत की मान्य केलंत असं होतं. आपण रीतसर अर्ज देऊ."

"पण तारीख?"

"अर्ज पोहोचला की तारखेला अर्थ राहत नाही."

हे वाक्य मी उच्चारले. पूर्ण खात्रीने उच्चारले.

अर्ज उत्तम झाला होता. 'विषय: माझ्या मयत पतीच्या चित्रफिती नष्ट न करणेबाबत.' अडीच पाने. बाईंनी सही केली आणि माझ्याकडे न पाहता वर 'हरकत राखून' लिहिले. मी त्यांचे कौतुक केले. पोस्टातील रजिस्टर पत्र आता स्पीड पोस्टात विलीन झाले आहे, परंतु पोचपावती मागता येते. ती मागून पत्र मी स्वतः टाकले, कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर.

मधल्या दिवसांत बाई दोनदा येऊन गेल्या. "आलं का काही?" मी सांगितले, येईल. माझी मुलगी मुंबईत एका कचेरीत संगणकावर काम करते. फोनचे काही अडले तर मला विचारत जा, असे ती मला नेहमी सांगते. मी तिला विचारले नाही. मसुदा माझा होता.

महिनाअखेरच्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास पोस्टमनने माझ्या टेबलावर माझाच लिफाफा ठेवला. त्यावर शेरा होता: पत्ता सोडून गेले.

"वकीलसाहेब, पाहुणे परत आले," मुद्रांक विक्रेता म्हणाला.

मी सूचनेतील मदत क्रमांक फिरवला. एका ध्वनिमुद्रित आवाजाने माझा फोन त्यांच्यासाठी महत्त्वाचा असल्याचे सांगितले आणि बंद केला. त्यांच्या संकेतस्थळावर एक यंत्र प्रश्नांची उत्तरे देत होते. त्यास मी अर्जाचा सारांश एका बोटाने लिहून पाठवला. उत्तर आले: 'क्षमस्व, मला समजले नाही. आपणास नवीन कॅमेरा घ्यायचा आहे का?' मी पुन्हा लिहिले, या वेळी 'कृपया' घालून. तेच उत्तर आले. माझ्या हाताला घाम सुटला होता आणि काचेवरची अक्षरे उमटेनाशी झाली. तेव्हा मी मुलीस फोन लावला.

तिने सगळे ऐकून घेतले.

"बाबा, टिक करायची आणि उतरवून घ्यायचं. इतकंच होतं."

"दावा जातो त्यानं."

"त्यांना दावा हवा होता की नवरा दिसायला हवा होता?" मग म्हणाली, "किती वाजलेत? बाबा, पळा. त्यांना फोन करा आणि पळा."

बाई फोन उचलत नव्हत्या. मी टेबल तसेच टाकले, चोवीस वर्षांत प्रथमच, आणि रिक्षा केली. वाटेत सहा वेळा फोन लावला. भुईगावच्या गल्लीत समोरून केळीचा टेम्पो आला तेव्हा रिक्षा मागे घेण्यावरून दोघांची हुज्जत सुरू झाली. मी उतरून चालत, मग धावत निघालो. या वयात आणि या पोटाने मी किती धावणार! एका ओसरीवरून कोणीतरी विचारले, "कोण गेलं हो?" मी उत्तर दिले नाही.

बाई विहिरीवर होत्या, फोन घरात होता. सव्वापाच वाजले होते.

"करा खूण," मी म्हणालो.

"तुम्हीच नको म्हणालात."

"आता करा, बाई. मी सांगतो, करा."

त्यांनी साडीला बोट पुसले आणि खूण केली. उतरवणे सुरू झाले. मी मुलीस फोनवर ठेवले होते. ती विचारत होती, मी पडद्यावरचे वाचून दाखवत होतो. जुन्या चित्रफिती आधी येत होत्या, नव्या शेवटी. तो क्रम बदलता येतो का, हे तिने तीन ठिकाणी बघायला लावले. बदलता येत नव्हता. वाडीत नेट रांगत होते. बाई फोन घेऊन अंगणात गेल्या, मग माडाखाली, मग खुर्चीवर चढून उभ्या राहिल्या आणि मी खुर्ची धरली. पतीस बोलायची सवय लागली होती ती पुष्कळ नंतर, कॅमेऱ्यातून आवाजही जातो हे कळल्यावर. पडद्यावर येत होते ते त्याआधीचे होते. मांजर. वाऱ्याने हललेले केळीचे पान. पुन्हा पान. कावळा.

"अजून किती?" बाई वरून विचारत होत्या.

मी आकडा पाहिला आणि खोटे सांगितले, "येतंय."

सहा वाजता पडदा पांढरा झाला. सेवा समाप्त, आपल्या विश्वासाबद्दल आभार, असे त्यावर आले. मुलगी पलीकडून हळूच म्हणाली, "बाबा, त्यांना खाली उतरवा आधी."

आम्ही ओसरीवर बसून जे आले होते ते पाहिले. एकोणीस चित्रफिती. अठरांमध्ये पाने आणि जनावरे. एकीत पती होता, पाठमोरा, हातात कोयता. विहिरीकडे जातो आणि चौकटीबाहेर निघून जातो. बोलत नाही. बाईंनी ती एकच चित्रफीत चारदा पाहिली.

"शर्ट नवा होता तेव्हा," त्या म्हणाल्या.

मला त्या एक शब्दही लावून बोलल्या नाहीत. चहा केला. मी तो घेऊ शकलो नाही, तसाच उठलो. वर्षाच्या मिस्सेचे आमंत्रण मला आले. मी गेलो नाही.

मुद्रांक विक्रेत्याने दुसऱ्या दिवशी विचारले, "काय झालं बाईंच्या प्रकरणाचं?" मी म्हणालो, प्रलंबित आहे. तेच उत्तर मी मुलीखेरीज सर्वांना देत आलो.

मिस्सेनंतर बाई वारस नोंदीच्या अर्जासाठी आल्या. दुसऱ्या टेबलावर जातील असे मला वाटले होते, किंबहुना जाव्यात असे वाटले होते. त्या माझ्याच बाकावर बसल्या. मी अर्ज वाचून दाखवला. त्यांनी पेन घेतले, सहीची जागा शोधली आणि वर सावकाश लिहिले, हरकत राखून.

"बाई, इथं त्याची गरज नाही," मी म्हणालो. "ही तुमचीच जमीन, तुमच्याच नावावर लागायची."

"असू दे, भाऊ," त्या म्हणाल्या. "तुम्हीच शिकवलंत."

आणि त्यांनी खाली सही केली.

चार दिवसांनी तलाठ्याने अर्ज परत पाठवला. समासात लाल शाईने विचारणा होती: हरकत कशास आहे, खुलासा करावा. खुलासे लिहिण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. तो अर्ज माझ्या खणात आहे. आज तिसरा आठवडा आहे.