सातव्या आकड्यापर्यंत

कॉम्प्युटर मुका झाला की साळवे सर दोन्ही हात कीबोर्डवरून उचलायचे, मांडीवर ठेवायचे आणि अगदी शांतपणे म्हणायचे, "आत्याबाई गप झाल्या."

आत्याबाई म्हणजे कॉम्प्युटरमधला आवाज. सरांना दिसत नव्हतं. नवव्या वर्षी गोवर अंगावर आला आणि जाताना डोळे घेऊन गेला. पडद्यावर काय आलंय ते तो आवाज त्यांना वाचून दाखवायचा, आणि इतक्या वेगात की कढईत लाह्या फुटाव्यात. मला त्यातलं एक अक्षर कळेल तर शपथ. सर मात्र मान थोडी तिरकी करून, गालात हसत ऐकायचे. त्यांची सख्खी आत्या म्हणे अशीच एका दमात बोलायची. "तिचं ऐकून कान तयार झाला, ताई. न्हाईतर या मशीनचं काय कळनार हुतं मला?"

नगरमध्ये (आता अहिल्यानगर, पण माझ्या तोंडात नगरच बसलंय) एका जुन्या शाळेच्या माडीवर आमची संस्था होती. अंध माणसांसाठी तिथं बोलकी पुस्तकं तयार व्हायची. मी अकोले तालुक्यातली, बोलायला वाघीण, म्हणून मला पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रण करायच्या कामावर घेतलं. माझ्या खोलीच्या भिंतींना जुन्या गोधड्या ठोकलेल्या होत्या, बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून. भर दुपारी त्या खोलीत बसलं की पाण्याखाली बसल्यासारखं वाटायचं. मी वाचायचे, ते सरांच्या कॉम्प्युटरमध्ये साठायचं, आणि जिल्ह्यातून कुणीही एका नंबरला फोन लावला की त्याला त्याचं पुस्तक, काल जिथं थांबलं होतं तिथून पुढं, ऐकू यायचं. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात दावी आणि कासरे विकणारे एक अंध आजोबा होते. बैलांच्या गलक्यात बसून ते कानाला फोन लावून माझा आवाज ऐकतात, हे मला सरांनीच सांगितलं. त्यानंतर कितीतरी दिवस मी वाचताना मधेच थांबून तो बाजार डोळ्यांपुढं आणत असे.

ही सगळी व्यवस्था सर सांभाळायचे. कॉम्प्युटरच्या पोटात न दिसणारी बरीच कामं सतत चालू असतात. एक फोन उचलतं, एक पुस्तकाचं पान शोधतं, एक आवाज सोडतं, आणि एक म्हणजे खुद्द आत्याबाई. इंग्रजीत त्यांना सर्व्हिस म्हणतात. सर म्हणायचे 'मागची मंडळी'. यातलं कुणीतरी अधूनमधून रुसायचं, हे ठरलेलं. मग सर माऊसला हातही न लावता एक काळी खिडकी उघडायचे आणि तिच्यात हुकूम टाईप करून रुसलेल्याला परत कामाला लावायचे.

मी नवीन होते तेव्हा एकदा असंच काहीतरी अडलं आणि सर पाणी प्यायला उठले होते. मी म्हटलं, त्यात काय, बटण दाबून बंद करू आणि चालू करू. हात पुढं केला तोच दारातून आवाज आला, "ताई, हात मागं घ्या." माझ्या बांगड्या वाजल्या होत्या. सर येऊन बसले आणि म्हणाले, "एका पोराला ताप आला म्हनून सगळ्या घराला गोळ्या देता का तुमी? आत्ता तिघं जन पुस्तक ऐकतायत. त्यांचं काय?" मला भयंकर लाज वाटली. त्यांनी रीत समजावून सांगितली. "आधी खुशाली इचारायची. कोन पडलंय ते कळलं की त्या एकट्यालाच उठवायचं. उठलो म्हनला तरी परत खुशाली इचारायची. लोक उठतात आनि बसल्या जागी परत डुलकी घेतात."

पण आत्याबाईच गप झाल्या तर खुशाली सांगणार कोण? तेव्हा बघण्यासारखं असायचं. सर डावा तळहात कॉम्प्युटरच्या डब्यावर ठेवायचे, आतला पंखा फिरतोय का ते जोखायचे, आणि त्या ठार शांततेत हुकूम टाईप करायचे. काय टाईप झालं हे सांगणारं कुणी नाही. एक अक्षर चुकलं तरी कळणार नाही. मग हात परत मांडीवर आणि ओठ किंचित हलत राहायचे. थोड्या वेळानं लाह्या फुटायला लागायच्या आणि सर मान तिरकी करून म्हणायचे, "चालू हाय."

"ओठांत काय पुटपुटता हो?" मी एकदा चहा पिताना विचारलं. माझा स्वभावच चोंबडा.

"सातपर्यंत मोजतो. तेवढा वेळ लागतो तिला उठायला."

"नुसतं मोजता?"

सर जरा लाजले. मग म्हणाले, "तेवढ्यात गावाला जाऊन येतो." त्यांचं गाव पारनेर तालुक्यात. डोळे होते तोवर पाहिलेलं सगळं त्यांनी आकड्यांना बांधून ठेवलं होतं. एक म्हणजे एसटी थांबते ती जागा. दोन, पिठाची गिरणी. तीन, चिंच. चार, विहार. पाच, शाळेची पांढरी भिंत. सहा, विहिरीचा कठडा. आणि सात, त्यांच्या वाटाण्याचं वावर, फुलावर आलेलं. "आजारी पडायच्या आदल्या दिवशी मी तिथंच हुतो. पांढरीशुभ्र फुलं, ताई. सातला ती दिसली की इकडं आवाज येतोच."

मला ते इतकं आवडलं की त्यानंतर आत्याबाई गप झाल्याचं कळलं की मीही माझ्या खोलीचं दार उघडून उभी राहायचे. सर काळोखात आपल्या गावाच्या वाटेनं चाललेत, आणि सगळी माडी त्यांच्याबरोबर चाललीय, असं काहीतरी मला वाटायचं. खोटं कशाला सांगू, मला त्या शांततेची ओढ लागली होती.

सहा वर्षं ते हे काम करत होते, पण कागदावर 'मदतनीस' होते. मग संस्थेनं यंत्रणा सांभाळायची कायमची जागा काढली. सरांना ती जागा हवी होती. तसं त्यांनी एकदाच बोलून दाखवलं. "आजवर कुनाच्या तरी हाताखालीच हाय मी. शाळेत हात धरून नेलं, बसमधी हात धरून बसवलं. एक काम असं हाय की जे माझं मी करतो. तेवढं कागदावर यावं." संस्थेच्या निवड समितीतले दोघंतिघं त्यांचं काम बघायला येणार असं ठरलं. सरांनी त्या दिवशी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. मी कॉलर नीट केली तर म्हणाले, "नीटच हुती की."

समिती आली, खुर्च्यांवर बसली. सरांनी त्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकरचा आवाज वाढवला आणि एकेक गोष्ट दाखवत गेले. घोडेगावचे आजोबा तेव्हा फोनवर होते, पुस्तक ऐकत होते. सगळं छान चाललं होतं. आणि बोलता बोलता आत्याबाई गप झाल्या.

सरांनी हात उचलले, मांडीवर ठेवले. डबा चाचपला. काळी खिडकी उघडली, हुकूम टाईप केला, आणखी थोडं काही टाईप केलं, हात परत मांडीवर. शांतता. मी त्यांच्या पाठीशी उभी होते. पडद्यावर शेवटची ओळ होती ती पासवर्ड मागणारी, आणि तिच्यापुढं काहीच नव्हतं. कोरं. समितीतल्या एकानं घड्याळाकडं पाहिलं, दुसऱ्यानं खुर्ची सरकवली. यांना कळलंच नाहीये, मला वाटलं, मशीन पासवर्ड मागतंय आणि हे बसलेत गावाला जाऊन. मला राहवलं नाही. मी वाकून म्हटलं, "सर, पासवर्ड मागतंय."

माझं वाक्य संपलं आणि लाह्या फुटायला लागल्या.

समितीनं मान डोलावली. एक जण माझ्याकडं बघून हसला, चांगली सोबत आहे हो तुमची, अशा अर्थानं. पंधरा दिवसांनी कागद आला. 'डोळस व्यक्तीच्या मदतीने काम उत्तम करतात', असं त्यात लिहिलं होतं. जागा दुसऱ्याला मिळाली.

त्या काळ्या खिडकीत पासवर्ड टाईप करताना काहीही दिसत नाही. अक्षर नाही, ठिपका नाही. डोळसालाही नाही. सरांनी तो केव्हाच टाकला होता. मला कोरं दिसलं म्हणून मी कोरं समजले. हे मला सरांनीच सांगितलं, समिती जिना उतरून गेल्यावर. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, "ताई, सहावा आकडा चालू हुता."

मी दुसऱ्याच दिवशी अध्यक्षांकडं गेले, सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, "सहकाऱ्याची बाजू घेताय, तुमचं मन मोठं आहे, मॅडम." कागद आल्यावर परत गेले, परत तेच ऐकून आले. बोलून बोलून मी जे मोडलं होतं, ते आता कितीही बोलले तरी जुळत नव्हतं. घरी येऊन खूप रडले.

कागद आल्यावर सर माझ्याबरोबर आठ दिवस चहा प्यायले नाहीत. नवव्या दिवशी त्यांनी मला हाक मारली, खुर्चीवर बसवलं, आत्याबाईंना मुद्दाम गप केलं आणि चाचपून पडद्याचं बटण बंद केलं. "आता दोघं सारखे. टाका हुकूम." सरांनी सांगितलं तसं मी टाईप केलं, पासवर्ड टाकला आणि हात मांडीवर ठेवले. किती वेळ असतो हो सात आकड्यांचा! चौथ्या आकड्यापर्यंत कशीबशी पोचले आणि पाचव्याला मी बोलूनच गेले, "झालं का हो?" सर खो खो हसले. समितीच्या त्या कागदाला नंतर त्यांनी कधी हात लावला नाही, पण माझ्यावरचा राग गेला तो तेव्हाच.

नवीन आलेला मुलगा स्वभावानं चांगला होता, पण काही अडलं की सरळ मोठं बटण दाबायचा. घोडेगावच्या आजोबांचं पुस्तक तीनदा पहिल्या पानावर गेलं. सर वर्षभर ते ऐकत राहिले. मग एक दिवस पिशवी भरून म्हणाले, "घरी जातो, ताई. येऊन जा एकदा."

ते आता नाहीत. या माघात थंडीतापाचं निमित्त झालं. त्यांच्या धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा मी गोधड्यांच्या खोलीत होते, आणि पुढचं पान मला वाचता आलं नाही. पण त्याआधी, श्रावणात, मी त्यांच्या गावाला जाऊन आले होते. तेवढं एक बरं केलं मी.

एसटी थांबली तिथंच सर काठी घेऊन उभे होते. "एक," म्हणाले आणि चालायला लागले. ऊन आणि बारीक भुरभुर एकदमच चालू होती. गिरणीपाशी "दोन." पुढं एका मोबाईलच्या दुकानापाशी ते थांबले आणि म्हणाले, "तीन. चिंच." तिथं चिंच नव्हती. नुसता पत्रा, पाटी आणि दोन गाड्या. माझ्या जिभेवर आलं होतं, पण मी दात आवळले. चार पावलं गेल्यावर सर म्हणाले, "तोडली ते ठावं हाय मला. सावली लागंना झाली तवाच कळलं."

"मग चिंच का म्हणता?"

"आकडा तर लागतोच की, ताई."

विहार आलं, शाळेची भिंत आली. तिला आता निळा रंग होता. मग विहीर. सर कठड्यावर बसले, काठी बाजूला टेकवली आणि डावा तळहात दगडावर ठेवला, डब्यावर ठेवायचे तसाच. "सहा," म्हणाले आणि गप्प झाले. त्यांचं वावर तिथून मला समोर दिसत होतं. मी उभी राहिले. कुठंतरी मोट्टर चालू होती, एक शेळी ओरडत होती. भुरभुर थांबली. आयुष्यात इतका वेळ मी कधी गप्प राहिले नसेन.

"बोला की, ताई," सर म्हणाले.

"काय बोलू?"

"सातव्याला काय दिसतंय? आता इचारतोय, म्हनून सांगा."

मी सांगितलं. पुस्तक वाचते तसं, घाई न करता. वाटाणा गुडघ्याएवढा आलाय. फुलं पांढरी आहेत, एकेका देठाला दोन दोन. तंतू एकमेकांना धरून उभे आहेत. वारा आला की सगळं वावर एकदम हलतंय आणि परत जागेवर येतंय. बांधाकडं एक छोटा तुकडा अजून फुलायचाय, तोही सांगितला.

मग मी थांबले. सरांचे ओठ किंचित हलत होते. मी वाट पाहिली. त्यांनी मान थोडी तिरकी केली, गालात हसले आणि म्हणाले, "चालू हाय."