सुईचं आवतण

तुमच्या घराजवळ लहान मुलांना फुकट लस कुठे मिळते आणि कोणत्या वारी, हे तुम्हाला फोनला हात न लावता सांगता येईल का? माझ्या मोठीमायला येत असे. मोठीमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. सुईला तिच्याइतकं घाबरणारं माणूस अख्ख्या राळेगाव तालुक्यात नसेल, आणि दुसऱ्यांना सुई टोचून घ्यायला लावण्याचा एवढा ध्यास घेतलेलंही नसेल. एकदा तिच्या पायाला विळा लागला. धनुर्वाताच्या सुईआधी तिने नर्सबाईंकडे पाणी मागितलं, मग चहाची चौकशी केली, मग त्यांच्या सासूची तब्येत विचारली आणि शेवटी त्यांची वेणी मुठीत घट्ट धरून म्हणाली, "टोच आता. पण मले सांगू नको." त्याच दुपारी ती शेजारच्या रडणाऱ्या पोराला समजावत होती, "काहीच होत नाही रे बापू. मी रडली का?"

नर्सबाई महिन्यातून एकदा लसींचा निळा डबा घेऊन आमच्या अंगणवाडीत येत. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूने तसं लिहिलेलं असे. मोठीमायला हे मुळीच पसंत नव्हतं. फळा वाचून कोणी कोणाच्या दारी जात असतं का, असा तिचा सवाल होता. म्हणून ती लग्नाचं द्यावं तसं आवतण द्यायची. वाटीत हळदीच्या अक्षता घ्यायच्या, प्रत्येक उंबऱ्यावर दोन दाणे ठेवायचे आणि सांगायचं, "मंगळवारी अंगणवाडीत सुई हाय. लेकराले घेऊन येजा, सासूलेही आणजा." नेरहून लेकीकडे राहायला आलेल्या एका आजोबांना दुपारी झोपेतून उठल्यावर उंबऱ्यावर नुसत्या अक्षता दिसल्या; मंगळवारी अंगणवाडीत जायचं, एवढंच नातवाने सांगितलं. मंगळवारी आजोबा धुतलेलं धोतर, डोक्याला फेटा आणि काखेत आहेराचा गंज, म्हणजे स्टीलचं पातेलं, अशा थाटात अंगणवाडीत हजर. "नवरदेव कुठी हाय?" मोठीमायने मांडीवरचं बोंबलणारं पोरगं दाखवलं. "हा काय. बसा, पंगतीले वेळ हाय." तेवढ्यात तिची नजर आजोबांच्या पायाला गुंडाळलेल्या चिंधीवर गेली. काल खिळा घुसला होता म्हणे. आहेर करायला आलेले आजोबा धनुर्वाताची सुई घेऊन घरी गेले. गंज मात्र त्यांनी परत नेला नाही. दिलेला आहेर वापस नेत नसतात, म्हणाले. अंगणवाडीतली पोरं पुढे कितीतरी वर्षं त्या गंजातलं पाणी प्यायली.

माझे आईवडील चळवळीतले, त्यामुळे मी पत्रकांच्या घरात वाढले. 'आरोग्य हा हक्क आहे, उपकार नव्हे' हे वाक्य मी बाराखडीबरोबरच शिकले, आणि मोर्च्यात बेंबीच्या देठापासून ओरडलेही. पण त्या वाक्याचा अर्थ मला कळला तो वेच्याच्या हंगामात, मोठीमायच्या शेतात. कापूस वेचायला बायका उजाडताच निघतात. त्यांची मजुरी किलोवर, त्यामुळे सकाळ गेली की मजुरी गेली. आणि सुईची वेळ होती सकाळी दहाची. लस सरकारने फुकट दिली होती, पण ती घ्यायला लागणारी सकाळ फुकट नव्हती. आमच्या शेतात वेचायला येणाऱ्या रंजनाचं पोरगं तेव्हा नऊ महिन्यांचं होतं आणि त्याची गोवराची सुई राहिली होती. बाजूच्या गावात गोवराची साथ आलेली. मोठीमाय आवतण घेऊन गेली तेव्हा रंजना म्हणाली, "येऊ कशी काकू? सकाळ बुडते माही."

"मंग पुढच्या महिन्यात?"

"पुढच्या महिन्यात आम्ही बाहेरगावी कामाले जाऊन राह्यलो."

मोठीमाय अक्षतांची वाटी घेऊन परत आली. मंगळवारी सकाळी तिने बैलगाडी जुंपायला लावली आणि नर्सबाईंना निळ्या डब्यासकट थेट शेतात आणलं. आभाळ भरून आलेलं, बोंडं फुटून लोंबत होती आणि मोठीमायचे यजमान, आमचे मोठेबाबा, शेताच्या धुऱ्यावर उभे राहून तळतळत होते. "अवं, वर पाह्य जरा. आज वेचला नाही तं माल जाते."

"भिजला तं वाळवू. गोवराचं काय करू, सांगा."

विहिरीजवळच्या निंबाला लेकरांच्या झोळ्या बांधलेल्या असत. तिथेच नर्सबाईंनी डबा उघडला. सुई पाहवत नव्हती म्हणून रंजनाने तोंड फिरवलं, मोठीमायने तर त्याआधीच डोळे मिटले होते. शेवटी पोरगं मोठेबाबांच्या मांडीवर आलं. सुई टोचली, पोरगं किंचाळलं आणि मोठेबाबांचं धोतर ओलं झालं. "घ्या," ते म्हणाले, "पाऊस इथंच पडला." मग नर्सबाईंनी सगळ्यांना अर्धा तास बसवून ठेवलं, कोणाला ताप-बिप येतो का ते पाहायला. वेच्याच्या दिवसांत, भर उजेडात, शेतात बायका नुसत्या बसलेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या. कोणी पोराला पाजत होती, कोणी दुसरीच्या केसांतल्या काड्या काढत होती. संध्याकाळी खरोखर पाऊस आला आणि बराच कापूस भिजला. मोठेबाबा वजनाचा काटा काढू लागले, तेव्हा मोठीमाय म्हणाली, "आज काटा नाही. कालच्याएवढे पैसे सगळ्यायले." मोठेबाबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि काटा पुन्हा कोठ्यात ठेवला.

आता मोठेबाबा नाहीत. मोठीमायचे गुडघे गेले. ती यवतमाळला मुलाकडे तिसऱ्या मजल्यावर असते. गेल्या हंगामात मी गावी गेले होते. मंगळवार होता. अंगणवाडीचं दार उघडं होतं, नव्या नर्सबाई डबा घेऊन एकट्याच बसल्या होत्या आणि मागे पांढऱ्या शिवारात बायका वाकलेल्या दिसत होत्या. मोठीमायचा फोन आला की ती आधी तेच विचारते, "वेचा सुरू झाला का वं? पोरी सुईले जाऊन राह्यल्या का?" मी काहीतरी दुसरंच बोलते.

म्हणून तुमच्याकडे एक मागते. उद्या तुमच्या भागातल्या आशाताईंना लसीचा वार विचारून घ्या. आणि तुमच्या शेतात, दुकानात, घरात लेकुरवाळी बाई कामाला असेल, तर तो वार तिला सांगा, तिला जाऊ द्या, आणि त्या दिवसाची तिची मजुरी पुरती द्या.